गोट्यावानी जमीन, आणि तरी भिंतीला भेगा

वऱ्हाडात प्लॉट बघायची हौस उन्हाळ्यात येते. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, कापूस-तूर विकून हाती पैसा आलेला, ले-आऊटपर्यंतचा रस्ता कोरडा. विकणारा सब्बल मागवतो, जमिनीवर हाणतो, सब्बल ठणकन उडते आणि ठरलेलं वाक्य येतं: "पाहा भाऊ, गोट्यावानी हाये जमीन. कायची तपासनी करता?" दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, नाहीतर अमरावती-अकोल्याभोवती वावरं मोडून पडलेले ले-आऊट, कुठंही जा, हे ऐकावं लागतंच. चांगले शिकलेसवरलेले लोकही मान डोलावतात आणि इसार देऊन मोकळे होतात.

मे महिन्यात काळी माती टणक असते, यात खोटं काही नाही. पण हा टणकपणा तिच्यातलं पाणी गेल्यामुळे आलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन दमदार पावसांत तो संपतो. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते. ज्या वावरात मे महिन्यात भेगेत हात जातो, तिथंच ऑगस्टमध्ये पाय रुततो. पराटी पेरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तोच माणूस घरासाठी प्लॉट बघायला गेला की हे सगळं कसं विसरतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

नुसती मऊ जमीन असती तर घर खचलं असतं. फुगणारी जमीन त्याला वर ढकलते. म्हणून "एकमजली साधं घर आहे, त्याला कशाला माती तपासायची" हा युक्तिवाद नेमका उलटा आहे. तीन-चार मजल्यांचं वजन मातीचा दाब बऱ्याच अंशी दाबून धरतं. हलकं घर, कंपाउंडची भिंत, ओटा आणि पायऱ्या मात्र सहज उचलल्या जातात. शिवाय घर बांधलं की त्याखालच्या जमिनीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायचं थांबतं. घराच्या मधोमध ओल साठते, माती फुगून राहते. कडेची माती दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात आक्रसते. मधला भाग एक करतो, कडा दुसरंच करतात. हॉलमधल्या फरशा मधोमध उचलल्या जाणं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघणं, दरवाजा ठरावीक महिन्यांत अडकणं आणि पुढं आपोआप सुटणं हे सगळं त्यातूनच येतं. मग घरमालक म्हणतो, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. कधी खाल्लंही असेल. पण हंगामाप्रमाणे मिटणारी आणि उघडणारी भेग दिसली, तर आधी पायाखालच्या मातीकडे बघावं.

माती किती फुगते हे मोजायची सोपी चाचणी आहे आणि ती भारतीय मानक 2720 च्या 40 व्या भागात दिलेली आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे 10-10 ग्रॅमचे दोन नमुने घेतात. एक रॉकेलमध्ये टाकतात, एक पाण्यात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. 24 तासांनी दोन्हींचं आकारमान ताडून बघतात. पाण्यातली माती 50 टक्क्यांहून जास्त फुगली तर सावध व्हायचं. 100 टक्क्यांच्या पुढं गेली तर मानक 1498 तिला जास्त फुगणाऱ्या मातीत धरतं. एवढ्या साध्या चाचणीला "इंजिनिअर लोकाइचे चोचले" म्हणणारे पुढं टाइल्स बदलायला मात्र खुशाल पैसे मोजतात.

चाचणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मुरूम किती खाली आहे. अमरावतीच्या पूर्वेला, वडाळी आणि पोहऱ्याच्या टेकड्यांच्या अंगाला, तो पुष्कळ ठिकाणी लवकर लागतो. भातकुली-दर्यापूरकडे पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात घराच्या पायापुरतं खणून तो हाती येईल, ही आशाच नको. म्हणून "शेजाऱ्याचं घर उभं आहे ना" या पुराव्याला फार अर्थ नाही. एकाच ले-आऊटमध्ये एका कोपऱ्यात पाच फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात बारा फुटांवरही काळीच माती असू शकते.

मुरूम जवळ असेल तर काळी माती काढून पाया थेट त्यावर न्यावा. मध्यम खोली असेल तर वरचा थर काढून त्या जागी न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा थर थराथरानं दाबून बसवतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून ही पद्धत रुजली. नुसती वाळू भरणं मात्र घातक. तिच्यातून पाणी आरामात खाली उतरतं आणि काळ्या मातीला ओल पुरवत राहतं. फारच खोल काळी असेल तर खाली फुगवटा असलेले, अंडर-रीम्ड पाइल घालावेत. ते रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केले. मानक 2911 च्या तिसऱ्या भागानुसार खोल काळ्या मातीत त्यांची लांबी निदान 3.5 मीटर हवी आणि त्यांच्यावरचे बीम जमिनीला टेकता कामा नयेत.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"माती परीक्षण झालंय." कुठलं? शेतीच्या प्रयोगशाळेनं नत्र-स्फुरद-पालाश सांगितलं, त्यावरून पाया ठरत नाही.

"प्लॉट एनए आहे." ती महसुली नोंद आहे, खालच्या मातीबद्दल ती काहीच सांगत नाही.

"खड्डा खणून तीच माती परत भरली आणि उरली, म्हणजे जमीन उत्तम." ही कसोटी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे. पण काळी माती ढेकळांनी निघते, ढेकळांमध्ये पोकळी राहते, ती उरणारच. आपल्याकडची सर्वांत अडचणीची माती या कसोटीत पहिल्या नंबरानं पास होते.

"बोअरचं पाणी सिमेंटला चालतं, गुरं पितात की." खारपाण पट्ट्यात हे फार ऐकू येतं. मानक 456 नुसार लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर सळया आतून गंजतात. पाणी तपासूनच वापरावं.

"भिंतीलगत झाड लावलं की गारवा राहतो." राहतो, पण मोठं झाड त्याच बाजूच्या मातीतलं पाणी शोषून ती आक्रसवतं. झाड लांब लावा आणि घराभोवती उताराची पक्की फरशी करा, म्हणजे पन्हाळीचं पाणी पायात मुरणार नाही.

इसार देण्याआधी मालकाला विचारून प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत खड्डे घ्या, मुरूम किती खाली लागतो ते मोजा आणि पायाच्या खोलीवरची माती प्रयोगशाळेत द्या. विकणारा खड्डा घेऊ देत नसेल, तर तो प्लॉट घेऊ नका.