संगणकाच्या घड्याळाची परीक्षा

मुलांनो, वहीत एकक आणि दशक अशी दोनच घरं आखा. त्यांत मोठ्यात मोठी संख्या कोणती मावेल? बरोबर, ९९! आता तिच्यात १ मिळवा. शंभरातला १ ठेवायला शतकाचं घरच नाही. मग उरलं काय? नुसते ००!

नेमकी हीच अडचण २००० साल जवळ आलं तेव्हा जगभरच्या संगणकांपुढे उभी राहिली. आई-बाबांना 'वायटूके' हा शब्द विचारून पाहा, त्यांना कदाचित आठवेल. पूर्वी संगणकात माहिती साठवायला जागा थोडी आणि तीही महाग. म्हणून १९९९ हे साल नुसतं '९९' असं लिहीत. मग '००' म्हणजे १९०० असं संगणकानं धरलं तर? १९९५ साली बँकेत ठेवलेल्या पैशांवर २००० साली व्याज काढताना मुदत ५ वर्षांऐवजी उणे ९५ वर्षं यायची!

घड्याळ असतं कुठे?

संगणक बंद केला तरी त्याचं घड्याळ चालूच असतं, कारण त्यात घड्याळाची एक वेगळी चिप असते. ती बटणाएवढ्या सेलवर चालते. तिच्यासाठी बसवलेला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तेवढे कंप मोजले की झाला एक सेकंद. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या 'पीसी एटी' या संगणकातल्या चिपमध्ये सालासाठी दोनच घरं होती. शतकाचा आकडा वेगळ्या कप्प्यात ठेवत; पण ९९ चे ०० झाले तरी चिप तो कप्पा आपणहून बदलत नसे.

परीक्षेचे तीन प्रश्न

डॉक्टर जसे नाडी पाहून रोग ओळखतात, तसे संगणकातले दोष शोधणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना निदान करणारे प्रोग्रॅम म्हणतात. दोष आहे की नाही हे पाहायला २००० सालापर्यंत थांबून कसं चालेल? म्हणून ते घड्याळच पुढे सारत.

पहिला प्रश्न : घड्याळ ३१ डिसेंबर १९९९, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांवर लावायचं आणि बघायचं, पुढे २००० येतं का?

दुसरा प्रश्न : संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. गंमत म्हणजे काही संगणक चालू असताना बरोबर साल दाखवत, पण पुन्हा सुरू केले की थेट ४ जानेवारी १९८० वर जात!

तिसरा प्रश्न : २८ फेब्रुवारी २००० नंतर २९ तारीख येते का? १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण २००० ला ४०० नं पूर्ण भाग जातो, म्हणून ते लीप वर्ष.

परीक्षा झाली की खरी तारीख परत लावायची. मध्येच एखादा दुसरा प्रोग्रॅम 'माझी मुदत संपली' असं समजून बंद पडू नये, म्हणून ही तपासणी वेगळ्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून करणं चांगलं.

दुसरा मोजणारा

पण ज्या घड्याळाचे काटे आपणच फिरवले, त्यावर तपासणीला लागलेला वेळ कसा मोजायचा? त्यासाठी त्या काळच्या संगणकात आणखी एक मोजणारा होता. तो सेकंदाला सुमारे १८.२ टिकटिकी मोजे. दिवसभरात १५,७३,०४० झाल्या, की मध्यरात्री पुन्हा शून्य!

समजा, तपासणी १५,७०,००० व्या टिकटिकीला सुरू झाली आणि ४,००० व्या टिकटिकीला संपली. वजाबाकी केली तर उत्तर उणे येतं. हुशार प्रोग्रॅम अशा वेळी ओळखतो, की मध्ये मध्यरात्र होऊन गेली. तो पूर्ण दिवसाच्या १५,७३,०४० टिकटिकी त्यात मिळवतो. उत्तर येतं ७,०४०, म्हणजे साधारण साडेसहा मिनिटं.

पुढची परीक्षा २०३८ साली

काही संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या पद्धतीत त्यासाठी ३२ बिटांची, म्हणजे ३२ छोटी घरं असतात. त्यांत मोठ्यात मोठी संख्या मावते २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. भारतात १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ती घरं भरतील. पुढच्या सेकंदाला असा संगणक थेट १९०१ सालात जाईल! नव्या संगणकांत ६४ बिटांची सोय आहे, त्यांना अब्जावधी वर्षं काळजी नाही. पण यंत्रांत बसवलेले जुने संगणक शोधून, घड्याळ पुढे सारून, आधीच तपासायला हवेत. त्या वेळी तुम्ही मोठे झालेले असाल. कोण जाणे, ते काम तुमच्यापैकीच कोणीतरी करत असेल!

तुम्ही सोडवा : एक काम रात्री २३ वाजून ५० मिनिटांनी सुरू झालं आणि ० वाजून २० मिनिटांनी संपलं. नुसती वजाबाकी करून किती येतात? आणि काय मिळवलं की उत्तर बरोबर येतं?