नाट्यगृहांतील दीपनियामकाची दुरुस्ती

नाटकांत सांजवेळ उतरते ती दीपनियामकांतील ‘ट्रायॅक’ नांवाच्या चिमुकल्या भागामुळें. तो जळला, कीं मुंबईंत तंत्रज्ञाची पावलें लॅमिंग्टन रोडकडे वळतात. २३० व्होल्टांचा दाब क्षणोक्षणीं ३२५ पर्यंत चढतो. तेव्हां भाग ६०० व्होल्टांचा घ्यावा, हें बहुतेकांस ठाऊक असतें. खरी मेख अक्षरांत आहे. ‘बीटीए ४१’ची धातूची पाठ आंतून विद्युन्निरोधित असते, ‘बीटीबी ४१’ची नसते; दिसावयास मात्र दोघे जुळे भाऊ! ‘ए’च्या जागीं ‘बी’ तसाच बसविला, तर उष्णता पसरविणाऱ्या पत्र्यांत वीज उतरते. पत्रा जमिनीशीं जोडलेला असल्यास फ्यूज उडतो. नसल्यास दिवे बिनतक्रार चालतात, आणि धक्का बसतो तो पत्र्यास हात लावणाऱ्याला. याकरितां वीज जोडण्यापूर्वीं भागाच्या तिन्ही पायांचा पत्र्याशीं संबंध येत नाहीं ना, हें मापकानें पाहावें.