पोट खपाटीला गेलेला मासा
मासा नीट खातोय, तरी पोट खपाटीला? आधी विष्ठा पाहा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा. गप्पीच्या गुदद्वारातून केसासारखे लाल धागे डोकावत असतील, तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यांवर लेव्हामिसोल, पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल. लेव्हामिसोलने जंत लुळे पडतात, मासा ते बाहेर टाकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तळ सायफनने साफ करा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोस द्या. मात्रा मात्र अंदाजाने कधीच नको, जीव आधीच अशक्त आहे. नागपूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणी तापून त्यातला प्राणवायू घटतो. उपचार चालू असताना हवेचा पंप अखंड चालू ठेवा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं (‘माफसू’चं) मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे, औषधाआधी तिथल्या तज्ज्ञांना विचारावं.