मोरीवरचं अळू आणि काळं रान

हिंगोलीकडे घरामागे मोरीचं पाणी जिरतं तिथे अळूचा गड्डा हमखास दिसतो. तेवढ्यावरून लोक ठरवतात, अळू काय, कुठेही येतं. चार गुंठे लावून टाकू. पण मोरीपाशी बारमाही ओल असते, भिंतीची सावली असते, कचरा कुजून माती भुसभुशीत झालेली असते. मे महिन्यातल्या उघड्या रानात यातलं काय असतं?

याहून महागात पडतो तो काळ्या जमिनीचा भरवसा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. फुगली की हवा खेळत नाही, अळकुड्या वेड्यावाकड्या पोसतात, काढताना तुटतात. ‘पण अळू पाण्यातच वाढतं ना?’ वाढतं, हवाई बेटांवर खाचरांत पिकतंही; मात्र तिथलं पाणी वाहतं आणि गार असतं. साचून तापलेल्या पाण्यात कंद सडतात.

खरी अडचण चुनखडीची. अळूला साधारण 5.5 ते 6.5 सामू मानवतो. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनींचा बहुधा साडेसातच्या वरच. अशा मातीत लोह असूनही मुळांना लागत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि वडीच्या पानाला भाव कुठला मिळायचा? यावर कुणीतरी जिप्सम सुचवतोच. जिप्सम चोपण जमिनीचं औषध, चुनखडीचं नव्हे. इथे भरपूर शेणखत आणि फेरस सल्फेटची फवारणी कामाला येते.

मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 घटक असतात. सामू, क्षारता, लोह त्यांत आहेत, मुक्त चुना नाही. तो वेगळा तपासून घ्यावा लागतो. घरच्या घरी अंदाज हवा तर ढेकळावर सौम्य आम्लाचा थेंब टाकावा. जोरात फसफसलं तर चुना भरपूर.

वसमत भागात हळद जिथे पानं पिवळी न पडता गादीवाफ्यावर निकोप येते, ते रान अळूसाठी आजमावण्यासारखं. पण हळद आली म्हणजे अळू येणारच, हाही भ्रमच. अळूची तहान मोठी. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हिंगोलीत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.

निचरा पाहायला फूटभर खड्डा खणून पाणी भरावं, जिरलं की पुन्हा भरावं. दुसऱ्यांदा रात्री भरलेलं सकाळी तसंच दिसलं तर तिथे अळकुडी लावू नये. आणि विहीर एप्रिलमध्येच तळ गाठत असेल, तर उन्हाळी लागण सोडून पावसाळ्यावर पानापुरतं अळू घेतलेलं बरं.