मोजपट्टी आणि विचारपूस

आपल्या सांगाड्यात सगळ्यात उशिरा पक्कं होणारं हाड म्हणजे गळ्याखालचं कॉलरबोन. त्याचं छातीकडचं टोक पुरतं जुळून यायला तिशी उजाडते. त्यामुळे नुसती हाडं समोर आली, आणि हे टोक अर्धवट जुळलेलं दिसलं, तरी जाणकार सांगतो, विशी ओलांडलेली, तिशी न गाठलेली व्यक्ती. लहानपणी मोठं दुखणं काढलं असेल तर दातांच्या कवचावर आडव्या रेघा उमटून राहतात. हे सगळं मानवशास्त्राच्या वर्गात शिकवतात. होय, ज्या विषयाला प्रवेश घेतला की घरचे ‘पुढे काय?’ म्हणून विचारतात, त्याच!

अर्जेंटिनातल्या काही विद्यार्थ्यांपुढे या प्रश्नाचं उत्तर १९८४ साली अचानक येऊन उभं राहिलं. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसं उचलली गेली, ती परतली नाहीत. राजवट गेल्यावर निनावी कबरी बुलडोझरने उकरल्या जात होत्या, आणि हाडं एकमेकांत मिसळून पुरावाच नष्ट होत होता. अमेरिकी तज्ज्ञ क्लाइड स्नो मदतीला आले, पण स्थानिक जाणती मंडळी बिचकत होती. पुढे आली ती मानवशास्त्राची, पुरातत्त्वाची, वैद्यकाची पोरं. स्नोंनी त्यांना खड्ड्यात उतरवूनच शिकवलं.

पण निम्मं काम खड्ड्याबाहेरचं. बेपत्ता मुलांच्या आईवडिलांसमोर बसून विचारायचं, लहानपणी हात मोडला होता का? डावखुरा होता का? दात कुठला पडला होता? ही उत्तरं नसतील तर हाड मुकंच. १९८५मध्ये अशाच बेपत्ता झालेल्या लाउरा कार्लोट्टोचे अवशेष तपासून स्नोंनी तिची आई एस्तेला यांना सांगितलं, की लाउरा बाळंत झाली होती. हे त्यांनी कटीच्या हाडावरच्या खुणांवरून ओळखलं. अशा खुणांवर आज तज्ज्ञ पूर्वीइतका भरवसा ठेवत नाहीत, पण इथे निदान खरं ठरलं. २०१४मध्ये डीएनए चाचणीतून एस्तेला यांचा नातू सापडला. छत्तीस वर्षांचा, संगीतकार.

मोजपट्टी आणि विचारपूस एकाच अभ्यासक्रमात नांदतात, हेच मला या विषयाचं खरं नवल वाटतं. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर पीएचडी केली, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली. कवटीपासून धरणग्रस्तांच्या घरापर्यंत, विषय एकच.

नोकऱ्यांचं म्हणाल तर ठरलेल्या जागा थोड्या: भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, आदिवासी संशोधन संस्था, संग्रहालयं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, प्राध्यापकी. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेणारेही पुष्कळ. बाकीच्या कामांवर मानवशास्त्राची पाटी नसते. लोक यंत्र प्रत्यक्षात कसं वापरतात हे बघायला कंपन्या मानवशास्त्रज्ञांना घेतात, आरोग्य मोहिमाही घेतात. २०१४मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा पथकं मृतदेह परस्पर नेत, म्हणून लोक आजारी माणसं लपवू लागले. अंत्यविधीत लोकांच्या दृष्टीने अगदी चुकवू नये असं काय, हे मानवशास्त्रज्ञांनी गावांत बसून विचारलं. त्यांच्या आणि धर्मगुरूंच्या सल्ल्याने जागतिक आरोग्य संघटनेने दफनाचे नियम बदलले. देहाला हात लावायचा नाही हे कायम राहिलं, पण घरच्यांना प्रार्थनेला उभं राहता येऊ लागलं.