कोल्हापुरी साज: गळ्यातली चिन्हमाला

निपाणी, चिकोडी, बेळगाव या सीमाभागातल्या मराठी घरांत कोल्हापुरी साजाला लग्नाच्या दागिन्यांत मानाचे स्थान आहे. जवमणी आणि पाने, म्हणजे चिन्हांची छोटी पदके, सोन्याच्या तारेत आलटून पालटून गुंफून तो तयार होतो. पारंपरिक साजाला 21 पाने असतात: दशावतारांची 10, अष्टमंगलाची 8, माणकाचे 1, पाचूचे 1 आणि ताईत म्हणून डोरले.

सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पानाला उठाव आणतात आणि पोकळीत लाख भरतात. त्यामुळे थोड्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. खरी कसोटी मात्र आकाराची असते. नखाएवढ्या जागेत अख्खा अवतार मावत नाही. कासवाची पाठ, माशाचे शेपूट एवढेच ठेवून बाकीचे गाळावे लागते, आणि तरीही पाहणाऱ्याने पान ओळखले पाहिजे. ढालीवरची आणि निशाणावरची राजचिन्हे काढणाऱ्यांचा नियमही हाच होता.

युरोपात प्रबोधनकाळात अशा चिन्हांचे हार राजदरबारी मिरवत. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने 1430 मध्ये स्थापलेल्या ‘गोल्डन फ्लीस’ या सरदारसंघाच्या हाराची प्रत्येक कडी म्हणजे फिलिपचे चिन्ह, चकमक आणि पोलाद. खाली लोंबते ते मेंढ्याचे सोनेरी कातडे. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चित्रांत हे पदक दिसते. सभासद वारला की हार संघाकडे परत जाई.

राजचिन्हांची ओळख सीमाभागालाही जुनीच आहे. खानापूर तालुक्यातले हलशी ही गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी. त्यांचे लांछन सिंह. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर तो आहे. तिथल्याच भूवराह-नरसिंह मंदिरात हे दोन अवतार समोरासमोरच्या गाभाऱ्यांत आहेत. साजाच्या दशावतारांच्या दहा पानांत तेही येतात. सिंह हा कदंब घराण्याचा, तर पानांवरचा वराह आणि नरसिंह कोणत्याही घरातल्या सुनेचे. शिवाय साज स्त्रीधन आहे. गोल्डन फ्लीसच्या हारासारखा तो संघाकडे परत जात नाही, आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येतो. साजाचे मोठेपण यातच आहे.

आता कमी पानांचे, हलके साज अधिक खपतात. जुना साज मोडीत घालताना सोन्याचे वजन हाती येते, ठशाचे काम मात्र कायमचे जाते. म्हणून मोडीआधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून एकेक पान ओळखून घ्यावे, त्याचे नाव लिहावे आणि छायाचित्र जपून ठेवावे.