टाइम आपला, पण नियम कोणाचे? (एपिसोडचा मजकूर)

आजचा विषय मला क्रांती चौकात सापडला. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, डिलिव्हरीवाली सात-आठ पोरं मोबाईलकडे बघत थांबलेली. एकाला विचारलं, "भाऊ, काम कसंय?" तो म्हणाला, "टाइम आपला आहे दादा, पण बाकी सगळं अ‍ॅपचं."

हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण 'फ्लेक्सिबल' काम तर मीपण करतो. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दोन दिवस घरून काम. पण माझा पगार ठरलेला, पीएफ चालू, आजारी पडलो तर पगारी सुट्टी. त्याला यातलं काहीच नाही. शब्द एकच, अर्थ दोन.

नीट समजून घेऊ. लॉगिन कधी करायचं हे रायडर ठरवतो. रेट आणि इन्सेंटिव्हचं टार्गेट मात्र अ‍ॅप ठरवतं. समजा, तो दहा तास ऑनलाइन होता आणि चार तास ऑर्डरची वाट बघण्यात गेले. पैसे ऑर्डरचे मिळतात, वाट बघण्याचे नाही. पेट्रोल आणि गाडीचा खर्चही त्याचाच. म्हणजे धंदा मंदा झाला तर तोटा आधी त्याच्या खिशाला.

आपल्या वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामगार जुनेच आहेत. पण तिथे ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती मूळ कंपनीने द्यायची, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. अ‍ॅपच्या कामात 'मालक कोण?' इथूनच घोळ सुरू होतो.

आता नवीन काय? सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्या आहे. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या 5 टक्क्यांपर्यंतच. त्यातून अपघात विमा, आरोग्य, म्हातारपण यांसाठी योजना करता येतात.

मेख कुठे आहे? हीच व्याख्या त्याला मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवते. म्हणून किमान वेतन, ओव्हरटाइम, पगारी सुट्टी हे हक्क त्याला मिळत नाहीत. आणि ही माणसं थोडी नाहीत. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार होते, 2029-30 पर्यंत 2.35 कोटी होतील असा अंदाज आहे.

तुम्ही किंवा तुमचा मित्र हे काम करत असेल, तर दोन गोष्टी आजच करा. आधार घेऊन ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. आणि रोजच्या कमाईचे, ऑनलाइन तासांचे स्क्रीनशॉट ठेवा. उद्या भांडायची वेळ आली तर पुरावा लागतो.

आणि कोणी "फ्लेक्सिबल जॉब आहे" म्हणालं, की एकच प्रश्न विचारा: काम नसलेल्या दिवसाचा तोटा कोणाचा?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!